देवाच्या टोपलीतली पोच

गुरुवारच्या घटासाठी पितळेची भांडी चिंचेनं घासायला काढली होती. कळस झाला, ताम्हन झालं, दोन समयांपैकी एक लख्ख झाली आणि दुसरीला हात लावणार तेवढ्यात फाटक असं आपटलं की तुळशीला बांधलेला कोंबडा दोरीसकट उडाला.

तुळशीला कोंबडा बांधतात का, असं कोणी विचारील. मीही तेच विचारते आहे, नऊ वर्षं झाली. आमच्या गडचिरोलीच्या घरात, पुढच्या खोलीत नूतन रामटेके वकीलबाई भाड्यानं राहतात. त्यांच्याकडे जंगलातल्या गावांची माणसं येतात आणि त्या माणसांना रिकाम्या हातानं यायची लाज वाटते. कोणी मोहफुलं आणतं, कोणी चारोळी, कोणी कोंबडा. बाई त्या वेळी हमखास कोर्टात. कोंबडा घरात घ्यावा तर देवघर दारातच, मोकळा सोडावा तर शेजारचं मांजर टपलेलं. दोरी अडकवायला अंगणात जागा एकच. बिचारे विचारून बांधतात, "बाई, इथी बांधू?" मी नाही म्हणेपर्यंत गाठ मारून झालेली असते.

तर फाटक आपटून बाई आल्या. नागपूरहून, अंगात काळा कोट तसाच, केसांवर रस्त्याची धूळ.

"वहिनी, पाणी."

"माझे हात चिंचेचे आहेत. माठ काल होता तिथंच आहे."

त्यांनी उभ्यानं दोन तांबे पाणी प्यायलं, तांब्या भलत्याच ठिकाणी ठेवला (तो नेहमीच भलत्या ठिकाणी असतो) आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मूळ कागद पाह्यजे म्हणते कोर्ट. पंधरा दिवसांत. नाई दाखवला तर स्थगिती उठली. मंग मशिनी आत."

मशिनी कुठं आत, ते सांगते. धानोऱ्याच्या पुढं कोहकाटोला नावाचं गाव आहे. चाळीसेक घरं, सगळी गोंडांची. त्यांच्या जंगलातून एका खाणीला रस्ता काढायचा आहे. गावानं त्या जंगलावरचा सामूहिक वनहक्काचा दावा आठ वर्षांपूर्वी रीतसर लिहून दिला होता. असा दावा पडून असताना जंगल तोडता येत नाही, असा कायदा आहे. कायदा आहे एवढंच. तोडायच्या झाडांना आकडे घालायला माणसं मशीन घेऊन शिवेपर्यंत आली, तेव्हा गावातला चैतू नावाचा एक जण मशीनच्या पुढं नुसता उभा राहिला. त्याच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा. तेव्हापासून तो दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावतो आहे. बाईंनी नागपूरला जाऊन झाडतोडीवर स्थगिती आणली. आता समोरचे, म्हणजे सरकारचे वकील म्हणतात, दावा आमच्या दप्तरात आलाच नाही, बाईंनी लावलेली शिक्क्याच्या पोचेची नक्कल म्हणजे झेरॉक्स मशीनची करामत. ज्या कार्यालयात दावा दिला तिथं आवक रजिस्टर मागितलं, तर नेमक्या त्याच वर्षाचं रजिस्टर सापडत नाही. आधीचं सापडतं, नंतरचं सापडतं.

"मंग मूळ कागद कुठं आहे?" मी विचारलं.

"गावात."

"तुमच्याजवळ काऊन नाई ठेवला?"

"वहिनी, कागद वकिलाच्या कपाटात राह्यला की हक्कही वकिलाच्या कपाटात राह्यतो. गावाचा कागद गावातच पाह्यजे."

हे त्यांचं जुनं आहे. दुसरे वकील कागद धरून ठेवतात म्हणजे पक्षकार सुटत नाही. ह्या बाई निकालाच्या दिवशी अख्खी फाईल पिशवीत घालून परत देतात आणि वर दटावतात, "जिवापेक्षा जपा."

बाई आरमोरीकडच्या. वडील वनखात्यात रोजंदारीवर होते. दुसऱ्यांनी तोडलेल्या मोळ्या जप्त करायच्या आणि ठाण्यापर्यंत डोक्यावर वाहून न्यायच्या, हे त्यांचं काम. एकदा जप्त केलेली मोळी त्यांच्याच मावशीची निघाली. मावशी पुढं रडत आणि बाप मागं मोळी घेऊन, अशी वरात गावातून गेली. ही पोर तेव्हा आठवीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भाकरी खाता खाता, आणि लगेच म्हणाल्या, ठेच्यात मीठ जास्त झालं. चंद्रपूरला एका वकिलाकडे आठ वर्षं टायपिंग केलं, टाइप करता करता कायद्याची पदवी घेतली, तिसाव्या वर्षी सनद मिळाली. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणतात, तारीख मिळत नाही.

देवाचं त्यांना काही नाही. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, रोज पुसलेला. बाकी सगळ्या खोलीवर धूळ. माझ्या देवांबद्दल त्या कधी वावगं बोलल्या नाहीत, आणि प्रसादाला कधी नाहीही म्हटलं नाही, कारण सकाळपासून जेवलेल्या नसतात. भांडण आहे ते कॅलेंडरचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल पेनानं माझी व्रतं लिहिते, त्या येऊन निळ्या पेनानं त्यांच्या तारखा. गेल्या श्रावणात एका सोमवारावर "चैतू जामीन" एवढं मोठं लिहून ठेवलं. मी देवासमोर बसले तरी डोक्यात चैतूचा जामीन.

पोलिसांकडून म्हणून कोणी एक जण मोटरसायकलवर येतो आणि आमच्या ह्यांना विचारतो, बाई कुणाकुणाला भेटतात. हे म्हणतात, "कोंबड्यांना." आणि पेपर वर धरतात. मी मात्र त्या दिवशी फाटकाला आतून कडी घालते.

असो. कागद गावात, म्हणजे निरोप पाठवायला हवा. रुखमा म्हणून ग्रामसभेची सचिव आहे, तिचा फोन शाळेमागच्या टेकाडावरच लागतो आणि ती टेकाडावर केव्हा येईल ते तिच्या शेळ्या ठरवतात. संध्याकाळपर्यंत बाईंनी सत्तर वेळा लावला असेल. शेवटी लागला. "मूळ पोच घेऊन या," एवढं ओरडून सांगितलं. मग समई घासायला त्या स्वतः बसल्या. इतकी चिंच लावली की मला परत धुवावी लागली.

गुरुवारी मी घट मांडून कहाणी वाचायला बसले तर ओसरीत दोघं हजर. रुखमा, आणि तिच्यासोबत देवाजी. देवाजी म्हणजे गावचा गायता, देवाचं सगळं करणारा. वय सत्तरच्या पुढं, डोक्याला पांढरं फडकं.

"आणली?" बाईंनी चहासुद्धा विचारला नाही.

"नाई," रुखमा म्हणाली. "पण जपून आहे."

"कुठी?"

रुखमानं देवाजीकडे पाहिलं. देवाजी म्हणाला, "देवाच्या टोपलीत."

"म्हणजे?"

म्हणजे असं. त्यांच्या देवाची एक टोपली असते, देवाच्या आडाला, म्हणजे आडव्या लाकडाला, उंच टांगलेली. तीत देवाच्या वस्तू. ती माघात जत्रेलाच खाली उतरते, वर्षातून एकदा. बाईंनी आठ वर्षांपूर्वी बजावलं होतं, ह्या कागदाले सगळ्यात भरवशाच्या जागी ठेवा. गावानं बसून विचार केला. घराला वाळवी, पेटीला उंदीर, शाळेला कुलूप नाही. भरवशाची जागा एकच निघाली.

बाईंनी कपाळ धरलं. "माघाले अजून दोन महिने आहेत, देवाजीभाऊ! तारीख पंधरा दिवसांनी आहे!"

"देव काही तारखेनं नाई उठत, बाई."

"टोपली आहे ना ती? दोरी सोडाची, कागद काढाचा, परत बांधाची. पाच मिनिटांचं काम!"

देवाजीनं फडकं काढून झटकलं, परत बांधलं आणि उठला. रुखमाही उठली. नऊ वर्षांत ह्या ओसरीतून कोणी चहा न घेता उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एक तर कहाणी अर्धी राहिली होती. मी आतूनच म्हटलं, "वकीलबाई, हा घट दिसते ना? उद्या सकाळपर्यंत मी तो हलवत नाई. याच्याखाली तुमच्या भाड्याची पावती अडकली असती तरी हलवला नसता. पाच मिनिटांचं काम म्हणे! आन देवाजीभाऊ, तुम्ही बसा. रागानं गेल्यानं जंगल वाचते काय?"

देवाजी बसला. रुखमाही बसली.

"मले एक सांगा," मी विचारलं, "कोर्टाले दिवाळीची, उन्हाळ्याची सुट्टी असते. तेव्हा कोणाचं घर पाडाले निघाले तर काय करता?"

"सुट्टीतलं कोर्ट असते. तातडीचा अर्ज करावा लागते."

"मंग देवाले तातडीचा अर्ज करा ना. तिथी काऊन अक्कल चालत नाई?"

देवाजी हसला. दात दोनच. म्हणाला, "तसं विचारता येते. गावावर आलं तर विचारते. माझ्या बापाच्या वक्ताले पटकी आली तेव्हा विचारलं होतं. पण घरटी एक माणूस बसाले पाह्यजे, आन सगळ्यांनं हो म्हणाले पाह्यजे. एकही नाई म्हणला तर नाई. आन ज्याचं काम असन त्यानं सवता येऊन मागावं लागते. शिवेपासून अनवाणी."

"काम तर गावाचंच आहे," बाई म्हणाल्या.

"कागद कोणाले पाह्यजे?"

बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी देवापुढं हात जोडत नाई. तशी शपथ आहे आमची. माझ्या आज्यानं घेतली, मीही पाळतो."

मला वाटलं, आता संपलं. देवाजीनं मी आणून दिलेल्या चहाची बशी फुंकली. "नको जोडू. शपथ मोडून मागतलेलं देव कायले देईन? उभी राह्य आन सांग. कोर्टात सांगते तसं."

रविवारचं ठरलं. चहा झाल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. "वहिनी, तुम्ही चला. मले यातलं काही समजत नाई, मी तिथी काही भलतंच बोलीन."

"भलतंच बोलाल याची मले खातरीच आहे," मी म्हटलं. पण गेले. ह्यांना दोन वेळचं झाकून ठेवलं, कोंबड्याला दाणे टाकले आणि पहिल्या गाडीनं निघालो.

धानोऱ्याहून पुढं काळीपिवळी जीप, मग पाऊलवाट. शिवेवर एक दगड आहे. तिथं बाईंनी चपला काढल्या. टाचांना भेगा, वाटेवर धानाचे खुंट. "आई गं" म्हणत चालल्या, पण थांबल्या नाहीत. मी माझ्याही काढल्या. दोघींत एकच चपला घालून चालणार कशी?

देवाच्या जागेभोवती दगडांची रांग आहे. बायांनी रांगेच्या आत जायचं नाही. हे कळल्यावर बाई उसळल्या. "मंग मी मागू कशी? इथून ऐकू जाईन?"

"मोठ्यानं बोल," देवाजी म्हणाला. "कोर्टात बोलते ना?"

सगळं गाव हसलं. बाईही हसल्या, पण मला म्हणाल्या, "याच्याशी मी पुढच्या साली भांडीन." भांडतील. मला खात्री आहे.

घरटी एक माणूस मोजून बसला. चैतू आला होता. इतक्या तारखा ज्याच्यावरून झाल्या तो हा एवढासा माणूस, खाली मान घालून गवताची दोरी वळत बसलेला. बाई उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या, की अमक्या कायद्याच्या अमक्या कलमान्वये ग्रामसभेनं दाखल केलेला दावा प्रलंबित असताना...

"बाई," देवाजी म्हणाला, "देवाले कलम नाई समजत. काय झालं ते सांग."

बाई अडल्या. मी त्यांना कोर्टात पाहिलेलं नाही, पण फोनवर ऐकलं आहे. शब्दाला शब्द लागून येतो. तिथं मात्र त्यांनी खांद्यावरची झोळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुमाले सांगतलं, भरवशाच्या जागी ठेवा. कुठी ठेवता, हे विचारलं नाई. मले वाटलं, भरवशाची जागा म्हणजे कपाट. आठ वर्षांत इतक्या वेळा आली, एकदाही विचारलं नाई. आता तो कागद नाई दाखवला तर जंगल जाते. म्हणून मागून राह्यली."

एकेका घराला विचारणं सुरू झालं. हो, हो, हो. मग कमळा नावाची म्हातारी आली, सगळ्यात मागं बसलेली. ती म्हणाली, "नाई."

मला रडायला आलं.

"माझ्या बापाजवळ राजाच्या वक्ताचा कागद होता," कमळा म्हणाली. "साहेब आला, पाहून देतो म्हणला. नेला तो नेला. हे बाईही म्हणते नेतो. आणीन कशावरून?"

"मी नऊ वर्षांपासून येतो, आजी," बाई म्हणाल्या.

"साहेबही येत होता."

बाईंनी शपथ घ्यावी म्हटलं तर त्या कुणाची घेणार? देवाजीनं कमळाला गोंडीत काही विचारलं. तिनं उत्तर दिलं. रुखमानं आम्हाला सांगितलं, "ते म्हणते, टोपली रिकामी नको. कागद न्याचा तर कागद ठेवाचा. तिचा सवताचा. तिले ज्याची गरज आहे तो."

बाईंनी झोळी उलटी केली. निघालं काय, तर चष्म्याचं खोकं, पेनं, गोळ्यांचं पाकीट, आमच्याच घरची अर्धी पोळी. आणि वकिलीचं ओळखपत्र, गळ्यात घालायच्या दोरीसकट. त्याच्यावर त्यांचा तिसाव्या वर्षीचा फोटो आहे, वेणी घातलेला. त्यांनी फोटो अंगठ्यानं पुसला.

"वहिनी, याच्याबिगर नागपूरच्या कोर्टाच्या गेटातून आत सोडत नाई."

"मंग दुसरं काही ठेवा."

"दुसरं काय आहे माझ्याजवळ?"

कमळानं ओळखपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे. म्हणाली, "पोट्टी बरी दिसत होती." आणि हो म्हणाली.

पुढचं आम्हाला दगडांच्या बाहेरूनच दिसलं. देवाजीनं तांदूळ मांडले, बराच वेळ पुटपुटला. कौल मिळाला असावा, कारण चैतू दोरी टाकून उठला आणि आडावर चढला. टोपली खाली आली. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिसऱ्या पिशवीत कागद. हळदीनं पिवळा झालेला, कडेला तेलाचा डाग. शिक्का मात्र गोल, निळा, तारखेसकट. देवाजीनं तो स्वतः रांगेपर्यंत आणून बाईंच्या हातात दिला. "माघाच्या पुनवेच्या आत. नाई तं जत्रा उभी राह्यणार नाई आमची."

परतताना जीपमध्ये बाई कागद छातीशी धरून झोपल्या. मी रस्ताभर जागी, कागदाला वारा लागू नये म्हणून पदर धरून.

तारखेच्या दिवशी गेटवर त्यांना अडवलंच. ओळखपत्र कुठं आहे म्हणून विचारलं. देवाच्या टोपलीत आहे, असं सांगायची सोय नव्हती. मग खिडकीवर रांगेत उभ्या राहून पक्षकारांना देतात ती चिठ्ठी काढली आणि गावकऱ्यांसारख्या आत गेल्या. पोच दाखवली. समोरचे वकील म्हणाले, कागदावर हळद आहे. बाई म्हणाल्या, शिक्क्यावर नाही. स्थगिती कायम राहिली, निकाल लागेपर्यंत. हे सांगायला त्यांनी फोन केला तेव्हा मी घटासमोर होते आणि त्या गुरुवारी मी कहाणी दोनदा वाचली.

आता ह्यावर समाधानानं झोपावं, तर बाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. कोर्टानं मूळ पोच दाखल करून ठेवून घेतली आहे. पुढची तारीख फाल्गुनात.

"फाल्गुन? आन जत्रा माघात?"

"हो."

"तुम्ही तिथी बोलल्या नाई काय, की हा देवाचा कागद आहे, परत पाह्यजे?"

"बोलली. अर्ज करा म्हणाले."

नऊ वर्षांत मी ह्या बाईला एकदाही सुखानं बसलेली पाहिलेली नाही. एक गाठ सोडवतात, तीच दोरी दुसरीकडे अडकते. कोहकाटोल्याच्या जंगलात मशीन शिरलेली नाही, एवढंच. चैतूची हजेरी सुटलेली नाही. ओळखपत्र टोपलीत आहे आणि दुसरं काढून घ्या म्हटलं तर म्हणतात, "मंग कमळाआजीले दिलेल्याले काय अर्थ राह्यला?" म्हणजे माघापर्यंत ह्या चिठ्ठी काढूनच कोर्टात जाणार. कॅलेंडरवर माघी पौर्णिमेला मी लाल पेनानं पूजा लिहिली होती. आज पाहते तर शेजारी निळ्या अक्षरात "पोच परत." ह्या वेळी मी खोडलं नाही. दोन्हींना जागा पुरली.

उद्या सकाळी साडेसहाच्या गाडीनं वकीलबाई नागपूरला जाणार आहेत, मूळ पोच परत मिळावी म्हणून अर्ज द्यायला.